साडेचारशे रुपयांचं लाइफटाइम ऑफिस

आजच्या भागाचा विषय मला एका स्क्रीनशॉटनं दिला.

माझी मामेबहीण साताऱ्यात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मामानं दिवाळीच्या सेलमध्ये तिला लॅपटॉप घेऊन दिला, आणि तो हातात आल्याच्या दुसऱ्याच दिवशी रात्री साडेअकराला तिचा मेसेज आला. वर स्क्रीनशॉट, खाली एकच ओळ: ‘दादा, घेऊ का? बारापर्यंतच आहे.’ स्क्रीनशॉटमध्ये लिहिलं होतं: ऑफिस ३६५, लाइफटाइम, पाच डिव्हाइस, फक्त ४४९ रुपये. युजरनेम आणि पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर मिळेल. शेजारी खोडलेली मूळ किंमत, ती काही हजारांत.

मी लिहिलं, ‘बारा वाजून जाऊ दे, मग बोलू.’ ती चिडली, आणि तिचं काही चुकलं नाही. पुढच्या सोमवारी तिला एक्सेलमध्ये ताळेबंद करून द्यायचा होता, आणि लॅपटॉपच्या हप्त्यांवर मामाकडे आणखी पैसे मागायची तिची तयारी नव्हती. बरं, मला तिला तोंड वर करून ‘असलं घेऊ नये’ म्हणायचीही सोय नाही. कॉलेजात असताना मी स्वतः अशीच एक स्वस्त की विकत घेतली होती. सहा-सात महिने मस्त चालली. मग प्रबंध जमा करायच्या आदल्या रात्री वर्डच्या डोक्यावर लाल पट्टी आली. फाइल उघडत होती, सगळं दिसत होतं, पण एक अक्षर बदलता येत नव्हतं. विकणाऱ्याचा नंबर बंद. रात्रभर जागून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती फाइल नेली आणि त्यात सगळे तक्ते वेडेवाकडे झाले. सरांनी ते बघून जे तोंड केलं, ते अजून आठवतं.

तर प्रश्न असा, की जी वस्तू कंपनी हजारांत विकते, ती दुसरा कुणी साडेचारशेला कशी विकू शकतो? आणि तो विकतो ते नेमकं असतं काय? हे शोधत मी मागे मागे गेलो आणि थेट १९७५ सालात जाऊन पोचलो. ‘नवीन मशीनसोबत घ्या, सॉफ्टवेअर स्वस्तात पडेल’ ही ऑफर तिथेही होती.

अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात अल्बुकर्की नावाचं शहर आहे. तिथल्या एमआयटीएस या छोट्या कंपनीनं अल्टेअर ८८०० हा घरी जोडायचा कॉम्प्युटर काढला. ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या जानेवारी १९७५च्या मुखपृष्ठावर तो झळकला. सुट्या भागांचा संच चारशे डॉलरच्या आसपास. स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही, नुसते खटके आणि दिवे. त्याच्याकडून काही कामाचं करून घ्यायचं तर त्याला समजेल अशी भाषा हवी. ती भाषा, म्हणजे अल्टेअरचं बेसिक, बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन या दोन पोरांनी लिहिली. गणिताचा भाग माँटी डेव्हिडॉफ या तिसऱ्यानं लिहिला.

आता दर ऐका. नुसतं बेसिक हवं असेल तर ५०० डॉलर, म्हणजे मशीनपेक्षा महाग. पण मशीनसोबत एमआयटीएसचाच मेमरी बोर्ड आणि जोडणीचं कार्ड घेतलं, तर तेच बेसिक ७५ डॉलरला. सवलत दणदणीत, फक्त त्यात एक गोम होती. एमआयटीएसचे मेमरी बोर्ड धड चालत नव्हते. शहाणी माणसं बोर्ड दुसऱ्या कंपनीचा घ्यायची, आणि तसा घेतला की सवलत गेली. म्हणजे ७५ची वस्तू ५००ला घ्या, नाहीतर बिघडका बोर्ड घ्या.

लोकांनी तिसरा रस्ता काढला. कॅलिफोर्नियात पालो अल्टोमध्ये कंपनीनं अल्टेअरचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं, तिथून बेसिकची एक कागदी टेप कुणीतरी उचलली. ती ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ या हौशी मंडळींच्या क्लबात आली. डॅन सोकॉल नावाच्या सभासदानं तिच्या पन्नासहून जास्त प्रती काढल्या आणि क्लबात वाटल्या. अट एकच, नेणाऱ्यानं आणखी प्रती काढून परत आणायच्या. व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डचे पणजोबाच म्हणा ना.

फेब्रुवारी १९७६मध्ये वीस वर्षांच्या गेट्सनं या हौशी मंडळींना एक खुलं पत्र लिहिलं. बेसिक वापरणारे सगळे खूश आहेत, पण अल्टेअरवाल्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी ते विकत घेतलंय, असा त्याचा हिशोब. आम्ही त्यावर चाळीस हजार डॉलरहून जास्त किमतीचा कॉम्प्युटर-वेळ खर्च केला आणि आमच्या मेहनतीला ताशी दोन डॉलरसुद्धा सुटले नाहीत. तुमच्यातले बहुतेक जण चोरी करताय, असं त्यानं सरळ म्हटलं.

माझं मत विचाराल तर पोराचं म्हणणं बरोबर होतं. लिहिणाऱ्याच्या मेहनतीचे पैसे बुडाले, हे खरंच. पण तो दरफलक ज्यानं कुणी बनवला, त्यानंही लोकांना ढकलण्यात थोडा हातभार लावला होताच.

सॉफ्टवेअरला वेगळी किंमत असते, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. मोठ्या कॉम्प्युटरच्या जगात आयबीएमचं सॉफ्टवेअर मशीनबरोबरच यायचं. जून १९६९मध्ये आयबीएमनं त्यातल्या बऱ्याच गोष्टींचे पैसे वेगळे लावणार असं जाहीर केलं, आणि तिथून सॉफ्टवेअर ही स्वतंत्रपणे विकायची चीज झाली.

आता ऑफिसकडे येऊ. कॉमर्सवाल्यांनी हा भाग नीट ऐका, कारण तुमचं एक्सेल एका कॉमर्सच्याच वर्गात जन्माला आलंय. १९७८ साल, हार्वर्ड बिझनेस स्कूल. डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी बसलाय आणि सर फळ्यावर आकड्यांचा मोठा तक्ता मांडताहेत. एक आकडा बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसायचे, पुन्हा मांडायचे. ब्रिकलिनच्या मनात आलं, हा फळाच स्वतःहून आकडे बदलू लागला तर? बॉब फ्रँकस्टन या मित्राला घेऊन त्यानं व्हिजिकॅल्क बनवलं. १९७९मध्ये ते अ‍ॅपल टू कॉम्प्युटरवर आलं, किंमत सुरुवातीला साधारण १०० डॉलर. दुकानात लोक शंभर डॉलरचं व्हिजिकॅल्क चालवायला म्हणून हजारो डॉलरचा कॉम्प्युटर घ्यायला लागले. ब्रिकलिननं त्याचं पेटंट घेतलं नाही. सॉफ्टवेअरला पेटंट मिळणं त्या काळात अवघडच होतं. त्यामुळे पुढे ज्याला जमलं त्यानं तसलं सॉफ्टवेअर काढलं.

जानेवारी १९८३मध्ये मिच केपोरच्या कंपनीनं आयबीएम पीसीसाठी लोटस १-२-३ आणलं. किंमत ४९५ डॉलर. डॉलर तेव्हा दहा रुपयांच्या आसपास होता, म्हणजे पाच हजार रुपये, तेही १९८३चे. तरी पहिल्या वर्षात कंपनीनं ५ कोटी ३० लाख डॉलरची विक्री केली. लिहायला होतं वर्डस्टार, तेही ४९५चंच. (‘गेम ऑफ थ्रोन्स’वाले जॉर्ज आर. आर. मार्टिन आपल्या कादंबऱ्या डॉसवरच्या वर्डस्टारमध्येच लिहितात. त्यांना कुणी सवलतीत ऑफिस विकू शकणार नाही.) मग युटामधून वर्डपरफेक्ट आलं. ते चांगलं होतंच, शिवाय फोनवर फुकट मदत करायचं, त्यामुळे वकिलांपासून टायपिस्टपर्यंत सगळ्यांचं लाडकं झालं.

आणि इथे सवलतींचा खरा खेळ सुरू झाला. मायक्रोसॉफ्टनं वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंट एकाच खोक्यात घातले. १९८९मध्ये आधी मॅकसाठी, मग १९९०मध्ये विंडोजसाठी. त्यातलं पॉवरपॉइंट त्यांचं स्वतःचंही नव्हतं, फोरथॉट नावाची कंपनी १९८७मध्ये १ कोटी ४० लाख डॉलरला घेतली त्यात आलेलं. तीन वस्तू सुट्या घेण्यापेक्षा खोकं स्वस्त. वर ‘प्रतिस्पर्ध्याचं सॉफ्टवेअर असेल तर आमचं कमी किमतीत घ्या’ अशा योजना सगळेच काढायला लागले. १९९३मध्ये बोरलँड कंपनीनं आपलं क्वाट्रो प्रो हे स्प्रेडशीट पन्नास डॉलरच्या आत विकायला काढलं. दहा वर्षांत ४९५वरून पन्नास! गिऱ्हाईक खूश, पण बोरलँडला ते झेपलं नाही. पुढच्याच वर्षी क्वाट्रो प्रो नॉव्हेल कंपनीकडे गेलं, वर्डपरफेक्टही नॉव्हेलनंच घेतलं, आणि दोन वर्षांत दोन्ही कोरेलला, आधीच्या तुलनेत अगदी किरकोळ किमतीला, विकून टाकलं.

या मारामारीत एक गोष्ट सगळ्या कंपन्यांना कळून चुकली. या धंद्यात पहिल्या विक्रीपेक्षा सवय महत्त्वाची असते. एकदा बोटं कंट्रोल-सीला सरावली, हजारभर फाइली एका पद्धतीच्या झाल्या, ऑफिसातले सगळे तेच वापरायला लागले, की माणूस हलत नाही. १९९८मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात गेट्स चीनबद्दल बोलताना म्हणाला होता, की तिथले लोक सॉफ्टवेअर चोरणारच असतील तर आमचं चोरावं, म्हणजे त्यांना त्याची चटक लागेल आणि पुढे कधीतरी पैसे कसे वसूल करायचे ते आम्ही बघू. बावीस वर्षांपूर्वी चिडून पत्र लिहिणारा तोच हा पोरगा!

आपल्याकडे ही चटक कशी लागली, ते तुमच्यापैकी ज्यांचे दादा-ताई नव्वदच्या दशकातले आहेत त्यांना विचारा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून, नाहीतर गावातल्या ओळखीच्या माणसाकडून असेम्बल्ड पीसी यायचा. ऑफिस कुणी मागायचंही नाही, ते आत ‘टाकलेलं’ असायचं. सीडीवर स्केच पेननं नाव, आणि की त्याच सीडीच्या कव्हरवर. कायदा तेव्हाही होता. १९९४च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात कलम ६३ ब आलं. प्रत चोरीची आहे हे माहीत असून ती कॉम्प्युटरवर वापरली, तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. नफ्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळून पन्नास हजारांपर्यंत दंडावर भागवू शकतं. घराघरातल्या पीसीला याची फारशी धास्ती होती, असं मी तरी पाहिलं नाही.

मग आपल्या राज्यात एमएस-सीआयटी आलं. दहावीच्या सुट्टीत गल्लीतल्या क्लासला जाऊन वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट शिकायचं. त्यातलं एमएस म्हणजे ‘महाराष्ट्र स्टेट’, पण मला बरीच वर्षं ते मायक्रोसॉफ्टच वाटायचं. कॉम्प्युटर येतो म्हणजे ऑफिस येतं, इतकं सरळ समीकरण झालं होतं.

मराठीत लिहिणाऱ्यांनी मात्र अडकणं म्हणजे काय ते दुसऱ्या बाजूनंही भोगलंय. युनिकोड रुळण्याआधी मराठी टायपिंगला पुण्यातल्या सी-डॅकची नाहीतर श्रीलिपीसारखी पॅकेजेस लागायची. प्रत्येकाचे फाँट वेगळे. तो फाँट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की लग्नपत्रिकेच्या जागी नुसती चित्रविचित्र चिन्हं. विंडोजमध्ये युनिकोडचा मंगल फाँट आला, तो कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशींनी घडवलेला, आणि हळूहळू तो त्रास सरला. पण जुन्या फाइली घेऊन बसलेले छापखानेवाले आजही भेटतात. सॉफ्टवेअर स्वस्त की महाग यापेक्षा आपली फाइल पाच वर्षांनी उघडेल का, हा प्रश्न त्यांना आधी सुचतो.

‘नवीन कॉम्प्युटरसाठी ऑफिस विकत घ्यावं का’ हा पेच फक्त विद्यार्थ्यांना पडतो असं समजू नका. १९९९मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या बड्या अमेरिकी कंपनीपुढे तोच होता. जर्मनीत मार्को बोरिस नावाच्या मुलानं शाळकरी वयात, १९८५मध्ये, स्टारडिव्हिजन ही कंपनी काढली होती आणि तिचं स्टारऑफिस चांगलं चाललं होतं. सननं ती आख्खी कंपनीच ७ कोटी ३५ लाख डॉलरना घेऊन टाकली. सनमधल्या सायमन फिप्स यांनी नंतर कारण सांगितलं ते असं, की आमचे बेचाळीस हजारांच्या आसपास कर्मचारी होते, आणि तेवढे परवाने मायक्रोसॉफ्टकडून घेण्यापेक्षा ऑफिस बनवणारी कंपनी घेणं स्वस्त पडत होतं. घाऊक खरेदी म्हणतात ती ही! वर सननं २०००मध्ये त्याचा सोर्स कोड खुला केला. त्यातून ओपनऑफिस, आणि २०१०मध्ये त्याला फुटलेली फांदी म्हणजे लिब्रेऑफिस. आज ते कुणालाही फुकट आणि कायदेशीर मिळतं. माझे तक्ते वेडेवाकडे झाले ते यातच, पण दोष द्यायचा तर आदल्या रात्री फाइल हलवणाऱ्याला द्यावा लागेल.

आता त्या ४४९ रुपयांकडे येऊ. आपण सॉफ्टवेअर ‘विकत घेतो’ म्हणतो तेव्हा घेतो काय? टीसीएस विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २००४मध्ये सांगितलं, की तयार सॉफ्टवेअरची विक्री ही मालाचीच विक्री, त्यावर विक्रीकर लागणार. कंपन्यांचे करारनामे मात्र म्हणतात, आम्ही माल विकत नाही, वापरायची परवानगी देतो. म्हणजे कर भरताना माल, वापरताना परवाना. युरोपात हा गुंता आणखी पुढे गेला. युज्डसॉफ्ट ही जर्मन कंपनी ओरॅकलचे वापरलेले परवाने विकायची. ३ जुलै २०१२ला युरोपीय न्यायालयानं निकाल दिला, की एकरकमी पैसे घेऊन कायमचा परवाना दिला असेल तर घेणारा तो पुढे विकू शकतो. फक्त त्यानं स्वतःची प्रत निकामी करायची, आणि पंचवीस जणांचा एकत्र परवाना असेल तर त्याचे तुकडे करून विकायचे नाहीत. तिकडे स्वस्त परवान्यांचा जो रीतसर बाजार आहे, तो या निकालाच्या आधारावर. आपल्या न्यायालयांवर तो बंधनकारक नाही.

बाकी स्वस्त की येतात त्या बऱ्याचदा एखाद्या कंपनीच्या किंवा कॉलेजच्या घाऊक परवान्यातून. एकच की कित्येक मशिनवर चालते, म्हणून कुणीतरी ती किरकोळीत विकतो. कंपनीच्या लक्षात आलं की ती की बंद, आणि मग लाल पट्टी. माझं तेच झालं होतं.

पण बहिणीच्या स्क्रीनशॉटमधली गोष्ट याहून वाईट होती, आणि ते माझ्या दुसऱ्यांदा वाचल्यावर लक्षात आलं. ऑफिस ३६५ हे २०११पासूनच वर्गणीचं प्रकरण आहे. महिन्याचे किंवा वर्षाचे पैसे भरायचे, भरणं थांबलं की वापर थांबला. त्यात ‘लाइफटाइम’ असं काही नसतंच. आणि युजरनेम-पासवर्ड विकणारा देणार, याचा अर्थ खातं तिचं नाही. कुठल्या तरी संस्थेच्या नावावर उघडलेल्या जागेत तिला एक खोली मिळणार, आणि किल्ल्यांचा जुडगा त्या संस्थेच्या अ‍ॅडमिनकडे. तो पासवर्ड बदलू शकतो, खातं उडवू शकतो, तिथल्या वनड्राइव्हमध्ये ठेवलेल्या फाइली बघू शकतो. तिथे ती काय ठेवणार होती? रेझ्युमे, मार्कशीट, आधार कार्डचा फोटो, मामाच्या बँकेची स्टेटमेंट.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला व्हिडिओ कॉल केला आणि हे सगळं सांगितलं, थोडक्यात. ती म्हणाली, ‘बरं, मग सोमवारी मी काय करू ते सांग.’ मी म्हटलं, ‘लॅपटॉपचं बिल काढ.’ मॉडेलच्या लांबलचक नावाच्या शेपटाला ‘एमएसओ २१’ लिहिलेलं होतं. म्हणजे ऑफिस होम अँड स्टुडंट २०२१, मशीनसोबत आलेलं, त्याच एका मशीनपुरतं. आपल्याकडे अनेक लॅपटॉपवर हे असतं, आणि वेळेत स्वतःच्या खात्यानं लॉगिन करून चालू केलं नाही तर वाया जातं. तिनं वर्ड उघडलं, स्वतःचा ईमेल टाकला, दोनदा पुढे-पुढे केलं, झालं.

‘म्हणजे फुकटच की,’ ती म्हणाली. फुकट कसलं, लॅपटॉपच्या किमतीतच घातलेलं, एमआयटीएसच्या बेसिकसारखं. आणि मायक्रोसॉफ्टच्या वेळापत्रकानुसार २०२१च्या आवृत्तीचे सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतच. त्यानंतर ते चालेल, पण नवीन छिद्रं कुणी बुजवणार नाही. तेव्हा पुन्हा हा प्रश्न येईलच, म्हणून तिनं लिब्रेऑफिसही घालून ठेवलंय. त्यात अधूनमधून एखादं काम करून हात बसवतेय. कॉलेजचा ईमेल मिळतो का तेही ती विचारणार आहे, कारण बऱ्याच संस्थांमध्ये त्यावर ऑफिसची वेब आवृत्ती फुकट मिळते. कुणाला गूगल डॉक्स पुरतं, कुणाला आपल्याकडचं झोहो. ताळेबंदापुरतं तर यातलं काहीही चालतं.

जाता जाता एक राहिलं. तिनं त्या विकणाऱ्याला ‘नको’ असा मेसेज टाकला. बारा कधीच वाजून गेले होते. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं: ‘मॅडम, तुमच्यासाठी २९९.’